कुणाच्या हातचं

पेशवाईतल्या पुण्यात परगावच्या माणसाने जेवायचं कुठे? आज आपण ज्याला हॉटेल म्हणतो तसलं काही गावात नव्हतं. नातलग असले तर त्यांच्याकडे, नसले तर जातवाल्याच्या ओसरीवर, तेही नसलं तर देवळात किंवा मठात. यातलं काहीच जमलं नाही तर बाजारातून शिधा घ्यायचा, मुठेच्या काठी तीन दगड मांडायचे आणि स्वतःच्या हाताने भात शिजवायचा. बाजारात भडभुंजे होते, हलवाई होते. फुटाणे, चुरमुरे, पेढे त्यांच्याकडून घेतलेले चालत. कोरडं, तळलेलं, दुधातलं चालायचं. पाण्यात शिजलेलं मात्र चालायचं नाही, ते आपल्या किंवा आपल्याहून वरच्या जातीच्या हातचंच हवं. शिवाय या पाहुणचाराचा भरवसा धरावा असंही काही नव्हतं. १७९१ साली पेशव्यांची दक्षिणा घ्यायला आलेल्या तेलंगी ब्राह्मणांनी घाशीराम कोतवालाच्या बागेतली फळं तोडली, अशी हकिकत सांगतात. त्यांना एका कोंदट खोलीत कोंडलं आणि बरेच जण गुदमरून मेले. गाव खवळलं, कोतवालाला दगडांनी ठेचून मारलं. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी कोतवालाच्या अंगाने सांगतात. मला त्यात उपाशी पाहुणे आधी दिसतात.

मी पेठेतल्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. आता निवृत्त आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाव दाखवणं हा माझा उद्योग होऊन बसला आहे. नागपूरचा भाचा आला की दारातच विचारतो, “आत्या, पुण्यात काय खायचं?” यादी त्याच्या मोबाइलमध्ये असतेच: मिसळ, मस्तानी, बाकरवडी, बन-मस्का. मी त्याला म्हणते, काय खायचं हे तुला दुकानदारच सांगेल, मी तुला वेगळं काही दाखवते. या गावात काय खायचं हा प्रश्न फार उशिरा आला. त्याआधी शे-दीडशे वर्षं गाव भांडलं ते कुणाच्या हातचं खायचं यावर. आणि आज ज्या दुकानांसमोर रांगा लागतात, त्यातलं जवळजवळ प्रत्येक जुनं दुकान त्या भांडणातून निघालेली एकेक वाट आहे.

भांडण पाण्यापासून सुरू होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळाने ते पाणी गावात आणलं. शनिवारवाड्यात कारंजी उडाली आणि पेठापेठांत हौद भरले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आता रिक्षावाल्यांच्या तोंडी उरली आहेत, हौदांचा मात्र बहुतेक ठिकाणी पत्ता नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात ‘पेशव्यांनी पाण्याची उत्तम सोय केली’ एवढं एक वाक्य होतं. सोय खरंच उत्तम होती, पण ती सगळ्यांची नव्हती. महार-मांगांना हौदावर जाता येत नसे. वर थांबलेल्या कुणी ओंजळीत पाणी ओतलं तर प्यायचं. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. गंज पेठेतला तो वाडा आज स्मारक आहे आणि पेठेलाही त्यांचंच नाव आहे. पाहुण्यांना मी पहिल्यांदा तिथेच नेते. खायला काही मिळत नाही म्हणून पोरं कुरकुरतात.

तिथून चालत गेलं की गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं विटांचं चर्च लागतं. आवारात पाण्याचे पाच हौद होते, म्हणून पंचहौद. पुण्याच्या खाण्यापिण्याचा इतिहास लिहायचा झाला तर पहिलं प्रकरण इथलं, आणि त्यात कुणी धड काही खाल्लेलंही नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी इथे एक व्याख्यान झालं. पुढाकार गोपाळराव जोशींचा. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे हे यजमान. आनंदीबाई तीन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. गोपाळरावांचा स्वभाव असा, की समोर दोन पक्ष दिसले की दोघांच्याही शेपटीवर पाय द्यायचा. व्याख्यानानंतर मिशनच्या बायकांनी चहा-बिस्किटं आणली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, तरुण गोखले होते; सगळे मिळून चाळीसच्या वर मंडळी. कुणी चहा घेतला, कुणी भिडेखातर पेला हातात धरून बाजूला ठेवला. सगळे घरी गेले. पुढे गोपाळरावांनी हजर असणाऱ्यांची नावं ‘पुणेवैभव’ पत्रात छापवून आणली.

मग जे झालं ते आजच्या मुलांना सांगताना मला नेहमी थांबून थांबून सांगावं लागतं, कारण त्यांचा विश्वास बसत नाही. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्यायला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा खटला, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांकडे गेलं. त्यांनी दोन शास्त्र्यांचं मंडळ नेमलं, रीतसर सुनावणी झाली. चहा प्यायलेला वेगळा, नुसता पेल्याला हात लावलेला वेगळा, अशी दोषांची प्रतवारी झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन आल्याचं सांगितलं. ज्यांनी प्रायश्चित्त घेतलं नाही त्यांच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, लेकी-सुना माहेरी जाऊ शकेनात. रानडे प्रार्थनासमाजी, हायकोर्टात पुढे न्यायमूर्ती होणारे, अख्ख्या प्रांताच्या सुधारकांचे पुढारी. त्यांनीही अखेर १८९२ मध्ये, मित्रांच्या घरची ओढाताण बघून, प्रायश्चित्त घेतलं. त्यांच्या पत्नी रमाबाईंना ते रुचलं नव्हतं आणि आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ते लपवलेलं नाही. मी रमाबाईंच्या बाजूची. पण रानड्यांवर शिक्का मारण्याआधी हेही बघावं, की कुठल्याही दिवाणी कायद्याने त्यांना हात लावला नव्हता. त्यांना वाकवलं ते जेवणाच्या पंगतीने. पंगतीतून उठवणं ही त्या काळी वकिलाच्या नोटिशीहून मोठी धमकी होती.

अवांतर होईल, पण दुसरा एक चहा इथे आठवायलाच हवा. कोल्हापूरला राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा नोकर होता. सवर्णांच्या हौदाला शिवला म्हणून इतर नोकरांनी त्याला मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं. त्याने भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, ‘सत्यसुधारक’. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले, बरोबरच्या सरदार-ब्राह्मणांनाही पाजू लागले. पुण्यात चहा प्यायला म्हणून न्यायमूर्ती वाकले आणि तीसेक वर्षांनी कोल्हापुरात चहा प्यायचा म्हणून राजाने गाडी थांबवली. परीक्षेत ‘तुलना करा’ असा प्रश्न मी एकदा घातला होता. मुख्याध्यापकांनी तो गाळला.

पुण्याने मात्र आपला तिढा आपल्या पद्धतीने सोडवला, म्हणजे न सोडवता. चहा तर हवा होता. घराबाहेर, कामाच्या मध्ये, दोन माणसांना बोलायला निमित्त म्हणून हवा होता. मग तो अशाच्या हातचा मिळाला तर? राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी ती जागा बरोबर ओळखली. सोन्या मारुती चौकाजवळचं ‘आद्य अमृततुल्य’ हे चहाचं दुकान १९२४ सालचं. त्याच्यामागून पेठांच्या कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्यं झाली, बहुतेकांना देवादिकांची नावं: अंबिका, नर्मदेश्वर, जबरेश्वर. पाटीवर देव, गल्ल्यावर देवाची तसबीर, ओट्यावर सोवळ्यातल्यासारखा बसलेला मालक, समोर घासून लख्ख केलेलं पितळी पातेलं. खलबत्त्यात आलं-वेलदोडे कुटायचे, दूध-साखर-चहा एकत्र उकळायचा, फडक्यातून गाळायचा. जास्त दुधाचा, जास्त गोड आणि मुख्य म्हणजे ब्राह्मणाच्या हातचा. माझे आजोबा हॉटेलात पाय ठेवत नसत, पण अमृततुल्यात रोज जात. ते हॉटेल आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही.

आज अमृततुल्य हा शब्द लावून शाखा काढणाऱ्या कंपन्या झाल्या आहेत. त्यांच्या चहात वाईट काही नाही. पण पाहुण्यांना मी जुन्यातल्याच एखाद्यात नेते. बाकावर बसायचं, बशीत ओतून प्यायचा, आणि लगेच उठायचं. तिथे रेंगाळायची सोय नाही.

चहाचं झालं, जेवणाचं काय? शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलांसाठी दोन वाटा होत्या. एक, वार लावून जेवणं: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात यजमान. दुसरी माधुकरी: झोळी घेऊन दारोदार. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलं माधुकरी मागून शिकत. तीच संस्था आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून चालते. वारावर जेवलेली माणसं मोठेपणी ते अभिमानाने सांगत, पण खोदून विचारलं की एखादा वार निघायचाच, ज्या घरी पोळी मोजून वाढत.

ज्यांच्याकडे थोडे पैसे होते त्यांच्यासाठी खानावळ. आणि खानावळ बहुधा विधवेची. माझी आजी त्यातलीच. बाबांची आई नव्हे, आईची आई. नारायण पेठेत, ओंकारेश्वरापासून फार लांब नाही, अशा वाड्यातल्या दोन खोल्या. नवरा गेला, पदरात तीन मुली, हातात एकच विद्या. तिचे ‘मेंबर’ असत, महिन्याचे पैसे आगाऊ देणारे: कारकून, पोस्टातले, कॉलेजचे. पाटावर बसायचं, आपलं तांब्या-भांडं आपण आणायचं. पोळ्या मोजून नव्हत्या, भाजी दुसऱ्यांदा मागता यायची, तिसऱ्यांदा मागितली तर आजी आमटी वाढायची. रविवारी गोड. इतिहासाची पुस्तकं पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात, तेव्हा मला वाटतं या बायकांचं एक प्रकरण त्यात हवं होतं. निम्मी विद्या तर त्यांच्या आमटीवर वाढली. स्वयंपाकघराला देवघराइतकं जपणाऱ्या समाजाने विधवेला देवघरापासून दूर ठेवलं, पण तिच्या हातची आमटी मात्र पवित्र मानली. बारा जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, मुठेचं पाणी वाड्यात शिरलं आणि आजीची पातेली, परात, पाट सगळं घेऊन गेलं. पुन्हा तिने खानावळ मांडली नाही. मेंबरांची वही तेवढी वर फळीवर होती, म्हणून वाचली. काहींची बाकी अजून येणं आहे.

तिच्या खानावळीसारखं काही आज बघायचं तर टिळक रोडवरच्या ‘बादशाही’त जावं. १९३२ पासूनची ही जागा, गर्दी विद्यार्थ्यांची आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची. लक्ष्मी रोडवरचं ‘पूना गेस्ट हाऊस’ तीन वर्षांनी धाकटं आणि स्वभावाने अगदी निराळं. ते काढलं नानासाहेब सरपोतदारांनी, मूकपटांच्या काळातल्या दिग्दर्शकाने. नाटक-सिनेमातली माणसं अवेळी येतात, अवेळी जेवतात, त्यांना जात विचारून भागत नाही. त्यामुळे पेठेच्या मधोमध असूनही या जागेला थोडं मोकळं वारं होतं. तिथलं थालीपीठ मागवा.

मिसळीबद्दल बोलल्याशिवाय सुटका नाही, म्हणून थोडक्यात. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ गोडसर, तिच्यात पोहे असतात. कोल्हापूरकर ती खाऊन आमची कीव करतात. फडके हौदाजवळचं वैद्य उपाहारगृह शंभरी ओलांडलेलं, तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन त्यामानाने तरुण. कुठली चांगली यावर मी मत देत नाही, शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे आहेत. मला त्या बशीतलं फक्त एक दाखवायचं असतं: बाजूला ठेवलेला ब्रेडचा स्लाईस. गोव्यात आणि वसईत गोष्ट सांगतात, की पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं. गोष्ट खरी किती, हा वेगळा विषय. पण ती पिढ्यान् पिढ्या खरी मानली गेली, एवढं नक्की. पाव म्हणजे बाटवणारी वस्तू. आणि इथे, पंचहौदापासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर, ब्राह्मण मालकाच्या उपाहारगृहात तोच पाव रश्शात बुडवून खातात आणि वर सँपल, म्हणजे जास्तीचा रस्सा, मागतात. यासाठी कुणी चळवळ केली नाही, कुणी लेख लिहिला नाही. भूक लागली होती आणि पाव स्वस्त होता.

मस्तानी हवी असेल तर जरूर प्या. बाजीरावाशी तिचा संबंध कुणी जोडायला लागला की मी विषय बदलते.

नदीपलीकडे गेलं की हवा बदलते. डेक्कनचं ‘कॅफे गुडलक’ १९३५ चं. इराण्यांची हॉटेलं बहुधा कोपऱ्यावर. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानून घेत नसत, ती यांना मिळाली, असं सांगतात. त्यांच्या काचेच्या बरण्या, संगमरवरी टेबलं, बन-मस्का यांवर खूप लिहून झालंय. माझ्या दृष्टीने त्यांचं मोल यात, की तिथे आत शिरणाऱ्याला कुणी काही विचारत नसे. पैसे ठेवा, खुर्चीवर बसा. पाट नाही, पंगत नाही, शेजारी कोण बसलंय याची चौकशी नाही. पेठेत काही पाट्यांवर ‘हिंदू’ किंवा ‘ब्राह्मणांचे’ असं ठळक लिहिलेलं असे, त्याच काळातली ही गोष्ट. फर्ग्युसनच्या पोरांनी पहिलं ऑम्लेट इथल्याच टेबलांवर खाल्लं. माझे वडील त्यातले. घरी येताना वेलदोडा चघळत यायचे. आईला वेलदोड्याच्या वासावरूनच कळायचं.

पेठांच्या पूर्वेला लष्कर, म्हणजे कॅम्प. खडकीची लढाई १८१७ ला झाली, पेशवाई संपली आणि गोऱ्या पलटणींची छावणी पडली. पलटणीला पाव हवा, मांस हवं, दारू हवी. ते पुरवणारे पारशी, मुसलमान, गोवेकर, इराणी तिथे वसले. ‘दोराबजी अँड सन्स’ १८७८ चं. म्हणजे पंचहौदाच्या चहाच्या आधी बारा वर्षं, चार-पाच किलोमीटरच्या आत, पैसे देऊन कुणीही कुणाच्याही शेजारी बसून मटण खात होतं. एकाच गावात दोन शतकं शेजारी नांदत होती, असं मी वर्गात सांगायचे. ‘कयानी बेकरी’ बरीच अलीकडची, १९५५ ची. तिच्या श्रुसबरी बिस्किटांसाठी पेठेतल्या सोवळ्या घरांतूनही माणसं रांगेत उभी राहतात. दुपारी बंद असते, आधी चौकशी करून जा.

१९५० साली राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव यांची नावं घेऊन लिहिलं आहे, की तिथे कुणाला जातीवरून अडवता येणार नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर. कलम वाचताना मला त्यात गंज पेठेतला हौदही दिसतो आणि कोल्हापूरचं चहाचं हॉटेलही. पाट्यांवरचे ‘ब्राह्मणांचे’ हळूहळू खरवडून गेले, काही नुसते रंगवून झाकले.

सगळे गेले असं मात्र नाही. सदाशिव पेठेत अजून ‘घरगुती ब्राह्मणी पद्धतीचे डबे मिळतील’ अशी चिठ्ठी विजेच्या खांबाला चिकटवलेली दिसते. माझ्या गल्लीतही एक पोळी-भाजी केंद्र आहे. भाचा शेवटच्या संध्याकाळी दमलेला असतो, त्याला बाहेर जायचं नसतं, म्हणून आम्ही तिथूनच पोळ्या आणतो. गिऱ्हाइकं सांगतात, अगदी आईच्या हातची चव. आत पाच बायका ओळीने बसून लाटतात. कुणी जनता वसाहतीतून येते, कुणी दांडेकर पुलाकडून. त्यांच्यातली एक मला आधी माझ्या शाळेत भेटली होती, सातवीत. इतिहासात तिला बरे मार्क होते. गिऱ्हाइकांपैकी कुणी तिला आडनाव विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. विचारतात ते एवढंच, पोळ्या गरम आहेत का. साडेसातच्या आत गेलात तर असतात.